यांत्रिक दोष आढळला नाही

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. निरोपसमारंभात लोक माझ्याबद्दल जे जे बोलले ते मी मान खाली घालून ऐकलं. त्यांना तो विनय वाटला. विनय कसला?

मी मोटार वाहन निरीक्षक होतो. नोकरीची बरीच वर्षं वर्धा जिल्ह्यातच गेली. ट्रक, ट्रॅक्टर, काळी-पिवळी, शाळेच्या गाड्या — गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही ते तपासायचं आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. घरच्या गाडीलाही पंधरा वर्षं झाली की पासिंगला यावंच लागतं.

पंधरा वर्षांची छोटी कार कुठं दगा देते हे मला पाठ होतं. हेडलाइटच्या आतला आरसा काळा पडतो. स्टिअरिंग ढिलं होतं, चाक वळायच्या आधी हात दोन बोटं नुसताच फिरतो. हँडब्रेकची तार ताणून लांबते. पायाखालचा पत्रा मॅटिंगच्या खाली सडत असतो आणि मालकाला पत्ता नसतो. पण या सगळ्यांत वाईट म्हणजे ब्रेक ऑईलचा पाइप. गाडीच्या पोटाखालून तो मागच्या चाकांकडे जातो, चाकाजवळ एका वळणावर चिखल धरून ठेवतो, आणि तिथं गंज त्याला हळूहळू खात राहतो. उभं राहून ते कधीच दिसत नाही. गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं. त्या वळणावर बोट फिरवावं लागतं. नवीन आलेल्या निरीक्षकांना मीच हे शिकवायचो. 'शर्ट मळला नाही तर तपासणी झालीच नाही समजा' — हे माझं वाक्य होतं. माझ्यामागं ते माझ्या नावानं सांगितलं जायचं.

आणि माझे हात स्वच्छ होते. हे सांगायला हवं, कारण सगळा खेळ त्यातूनच झाला. मी कुणाकडून काही घेतलं नाही. चहासुद्धा नाही. मला त्याचा गर्व होता — आणि तो साधा नव्हता. रस्त्यानं जाताना लोक एकमेकांना कोपरानं ढोसून मला दाखवायचे, ते मला आवडायचं. चांगला माणूस म्हणवून घ्यायची एकदा चटक लागली, की ती काय काय करायला लावते, ठाऊक आहे का तुम्हाला? मला ठाऊक नव्हतं.

असो. मी आडवळणं घेतोय. कळतंय मला.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मे महिना. हिंगणघाटला महिन्यातून एकदा आमचा कॅम्प लागायचा. तालुक्याच्या लोकांना वर्ध्याला यावं लागू नये म्हणून आम्हीच तिकडे जायचो. एका मोकळ्या मैदानात टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री. गाड्या रांगेत उभ्या. गाडीखाली उतरायला खड्डा नव्हता, म्हणून मी घरून एक पोतं न्यायचो — ते अंथरायचं आणि झोपायचं. त्या दिवशीही पोतं होतं. जीपमध्ये मागं पडलं होतं.

त्या दिवशी कॅम्प आटोपून मला तिथंच एका लग्नाला जायचं होतं. बायकोनं नवा शर्ट दिला होता, क्रीम रंगाचा, कडक इस्त्रीचा. मैदानात ट्रकांचं ऑईल सांडून जागोजाग काळी थारोळी साचली होती. सकाळपासून मी एकदाही खाली झोपलो नव्हतो. ट्रकांच्या खाली वाकून पाहता येतं. रांगेत शेवटची गाडी उरली होती — एक छोटी पांढरी कार.

मालकाचं नाव मनोहर नगराळे. एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर उभी हयात गेलेला माणूस. नुकतेच रिटायर झालेले. एका डॉक्टरनं वापरून सोडलेली ती गाडी त्यांनी घेतली होती आणि लहान लेकराला न्हाऊ घालावं तशी धुऊन आणली होती. सोबत त्यांची बायको, कुसुमताई. पासिंगला बायको कोण आणतं? पण ते कुठंही जोडीनंच जायचे, हे मला पुढं कळलं. गाडी घेतलीच होती त्यासाठी. जन्मभर तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून फिरवलं, आता जरा गादीवर बसू दे, असं ते माझ्या टेबलाशी उभे राहून सांगत होते. मी ऐकत नव्हतो. घड्याळ बघत होतो.

मी गाडी मैदानात फिरवली. लाइट पाहिले, हॉर्न वाजवला, चेसिस नंबर ताडून पाहिला. ब्रेक दाबला. गाडी थांबली. थांबली — पण पाय जायला हवा त्यापेक्षा थोडा जास्त आत गेला. आता वाटतं, एवढं जर मला आठवतं तर तेव्हाही ते कळलं असणारच. कळलं होतं. पुन्हा एकदा दाबून बघावंसं वाटलं होतं. पोतं आणायला जीप वीस पावलांवर होती.

मी उतरलो तर कुसुमताई हातात स्टीलचा गडवा घेऊन उभ्या. "सायेब, ऊन कितीक तापून राह्यलं. घोटभर ताक घ्या." मी कुणाचं काही घेत नसे, पण त्या दिवशी घेतलं. घसा कोरडा पडला होता आणि त्यांच्या आवाजात मागणं असं काहीच नव्हतं. मी पीत असताना त्यांनी हळूच विचारलं, "गाडी बराबर आहे न जी? मले या मोटारीचं भेव वाटते. हे म्हणतात काई होत नाई. तुमी सांगतलं तर मी बसीन."

मी म्हणालो, "ताई, बिनधास्त बसा."

मग टेबलाशी जाऊन फॉर्म भरला. स्टिअरिंग — ठीक. टायर — ठीक. ब्रेक व ब्रेक पाइप — ठीक. सही. शिक्का. नगराळेकाकांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. मी लग्नाला गेलो. शर्टावर एक डाग नव्हता.

एवढंच असतं तर ते पाप म्हणता आलं असतं का? कंटाळा, घाई, ऊन — माणूस चुकतो. असं मीही स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. पण मी जे सांगायला बसलोय ते हे नाही. ते पुढं आहे.

डिसेंबरात अपघात झाला. कापसाचे दिवस होते. दोघं हिंगणघाटहून वर्ध्याला, लेकीकडे निघाले होते. वाटेत एका नाल्यावरच्या पुलाला उतार आहे. पुढं कापूस भरलेली बैलबंडी हळूहळू चालली होती. नगराळेकाकांनी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. बंडीवर आदळू नये म्हणून त्यांनी गाडी डावीकडे ओढली आणि ती पुलाच्या दगडी कठड्यावर गेली. डाव्या बाजूला कुसुमताई बसल्या होत्या. दवाखान्यात पोचायच्या आधीच त्या गेल्या. काकांना कपाळाला चार टाके पडले, बस.

अपघात झाला की पोलीस गाडीची तांत्रिक तपासणी करून घेतात. ती निरीक्षकानं करायची. आमच्याकडे माणसं कमी. कागद माझ्याच टेबलावर आला. नंबर वाचला तेव्हा काही आठवलं नाही. पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो, गाडी पाहिली, आणि मागच्या सीटखाली पडलेला गडवा दिसला — तेव्हा आठवलं.

त्या दिवशी मी गाडीखाली झोपलो. जुना शर्ट होता. मागच्या चाकाजवळ, त्याच वळणावर, पाइप फुटलेला होता. धडक बसली होती पुढं, डाव्या बाजूला. मागं काहीच लागलं नव्हतं. म्हणजे पाइप धडकेनं फुटला नव्हता. तो आधीच सडला होता, कित्येक दिवस झिरपत होता, आणि उतारावर जोरात दाब आला तसा गेला. मी बोट फिरवलं. गंजाचे पापुद्रे बोटाला लागून आले. पत्र्यावर ऑईलचा ओघळ वाळला होता, त्यावर धूळ बसली होती. एवढा गंज सात महिन्यांत चढत नाही. मे महिन्यात मी फक्त आडवा झालो असतो तर तो माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असता.

बाहेर एक हवालदार बिडी ओढत उभा होता. त्यानं विचारलं, "काय सायेब, काई सापडलं का?"

मी गाडीखालूनच म्हणालो, "नाही."

आणि मग मी जे केलं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. मी खिशातला फडका काढला आणि तो ओघळ पुसला. कशासाठी? तिथं दुसरं कुणी वाकून बघणार नव्हतं. त्या तालुक्यात माझ्या शब्दावर शंका घेणारा माणूसच नव्हता. तरी मी पुसला. दोनदा पुसला.

अहवालात 'धडकेमुळे ब्रेकची तपासणी शक्य नाही' असंही लिहिता आलं असतं. निदान ते अर्धंच खोटं झालं असतं. पण मग वकिलानं विचारलं असतं — सात महिन्यांपूर्वी पास कुणी केली? फाइल उघडली असती. सही निघाली असती. आणि लोक म्हणाले असते, पैसे खाल्ले असतील. मला त्याची भीती होती — ऐका, मला नोकरी जाण्याची भीती नव्हती, लोक मला इतरांसारखा समजतील याची होती. मी लिहिलं — 'ब्रेक कार्यक्षम. वाहनात यांत्रिक दोष आढळला नाही.' सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

निष्काळजीपणाची केस नगराळेकाकांवर झाली. वर्ष-दीड वर्षानं ती उभी राहिली. बंडीवाल्यानं साक्ष दिली की ब्रेक मारल्याचा आवाज आलाच नाही. रस्त्यावर टायर घासल्याची खूणही नव्हती. सरकारी वकिलानं याचा अर्थ लावला — या माणसानं ब्रेक दाबलाच नाही. आवाज का आला नाही, खूण का नव्हती, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. मी शपथ घेतली. मला विचारलं, ब्रेक तपासले होते का? मी म्हणालो, हो. ठीक होते का? हो. काका पिंजऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. वर्गात न समजलेलं गणित मास्तर पुन्हा सांगतील, अशा आशेनं पोरं बघतात ना, तसे बघत होते.

कोर्टानं त्यांना दोषी धरलं. वय पाहून तुरुंगात पाठवलं नाही. मला हायसं वाटलं. मनात म्हणालो, चला, म्हाताऱ्याचं फार काही बिघडलं नाही. असं म्हणालो मी.

बाहेर आलो तर ते सायकल स्टँडपाशी माझी वाट बघत उभे होते. हात जोडले. म्हणाले, "सायेब, येक इचारू? रागावू नका जी. माहा पाय ब्रेकवरच होता असं मले वाटते. पेडल असं खाली गेलं, पार खाली. मी सगळ्याईले तेच सांगून राह्यलो. पन तुमी तं जाणकार मानूस. तुमी गाडी पाह्यली. मले खरं काय ते सांगून द्या. माहा पाय चुकला का?"

आवारात गर्दी होती, पण आमच्याजवळ कुणी नव्हतं. केस संपली होती. मी त्या माणसाच्या कानात चार शब्द बोललो असतो तरी माझ्यावर काही बेतणार नव्हतं — ते कुणाला सांगत फिरले असते तरी कोण मानणार होतं? म्हणजे या वेळी भीतीचंही कारण उरलं नव्हतं. मग का? तो माणूस मला माफ करेल आणि ते मला सहन होणार नाही, म्हणून? की 'चांगला माणूस' त्यांच्या डोळ्यांत तरी टिकावा म्हणून? मला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "काका, होतं असं. घाबरला की माणूस ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबतो. नवशिक्यांचं तर हमखास होतं. या वयात पायाला अंदाज राहत नाही."

त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलं सांगतलं ते. आता समजलं मले."

तोवर त्या माणसाजवळ निदान एक गोष्ट होती — आपण ब्रेक दाबला होता ही. कोर्टानं तीही घेतली नव्हती. कोर्टानं फक्त निकाल दिला होता. ती मी घेतली. सायकल स्टँडवर, भर दुपारी, खांद्यावर हात ठेवून.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. हिंगणघाटच्या बाजारात, रस्त्याच्या अगदी कडेनं, नाल्याला लागून पायी चालले होते. माझी जीप बाजूनं गेली तेव्हा ते थांबले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मला वाटलं, मला पाहून. तसं नव्हतं. कुठलीही गाडी आली की ते तसंच करायचे, असं माझ्या ड्रायव्हरनं सांगितलं. तो तिथलाच होता. म्हणाला, "कोनाले बी सांगत राह्यते तो बुढा, मी माह्या पायानं मारलं तिले."

मी त्याला म्हणालो, गाडी चालव.

पुढं चार-पाच वर्षं गेली. मी वर्ध्याच्या ऑफिसात होतो, लायसन्सच्या टेस्ट घ्यायचो. एक दिवस चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई स्कूटीची टेस्ट द्यायला आली. सरकारी दवाखान्यात नर्स. आठचा आकडा तिनं एकदाही पाय न टेकवता काढला. मी फॉर्मवर सही करत असताना तिनं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि म्हणाली, "सर, तुम्ही हिंगणघाटच्या कॅम्पला असायचे ना? मी नगराळेंची मुलगी. सुनंदा."

मी पेन खाली ठेवलं.

ती खुर्चीवर बसली नाही. उभ्याउभ्याच बोलली, आणि शांतपणे बोलली, जणू एखाद्या पेशंटची फाइल वाचून दाखवतेय. बाबा गेले, म्हणाली, दोन वर्षं झाली. शुगर होती. उजव्या पायाला जखम झाली. शेजाऱ्यांनी औषध आणून दिलं, ते लावायचे नाहीत. या पायाले कायले औषध, म्हणायचे. जखम चिघळली, वर चढली. "मी रोज दहा लोकांच्या पट्ट्या करते, सर. हिंगणघाट काही लांब नाही. पण मी गेले नाही. आईला त्यांनी मारलं हे मला विसरता येत नव्हतं. सुरुवातीला ते म्हणायचे, ब्रेक लागला नाही. मला वाटायचं, खोटं बोलून राहिले, स्वतःला वाचवून राहिले. मग कोर्टाच्या निकालानंतर त्यांनी स्वतःच कबूल केलं — माझाच पाय चुकला. तेव्हापासून मी बोलणंच सोडलं. शेवटी निरोप आला तेव्हा गेले, तर ते कुणाला ओळखत नव्हते."

मी पेन उचललं आणि अर्धी राहिलेली सही पुरी केली. 

मग तिनं हात जोडले, अगदी बापासारखे, आणि म्हणाली, "तुमचे आभार मानायचे होते, सर. तुम्ही खरा रिपोर्ट दिला. नाहीतर आम्ही जन्मभर गाडीलाच दोष देत बसलो असतो."

समोर टेबल होतं, त्यावर तिचा फॉर्म होता, आणि माझं तोंड माझ्याजवळच होतं. दाराबाहेर दोन माणसं रांगेत उभी होती. मी फॉर्मवर शिक्का मारला आणि तिच्याकडे सरकवला. म्हणालो, "हेल्मेट घालत जा." ती "हो सर" म्हणाली आणि गेली. मी पुढच्याचं नाव पुकारलं.

तीन वेळा. गाडीखाली एकदा, सायकल स्टँडवर एकदा, आणि टेबलाशी एकदा. कोर्टातली शपथ मी यात धरलेली नाही. तिथं निदान बघणारे लोक होते. या तिन्ही वेळा मला थांबवणारं कुणी नव्हतं आणि भाग पाडणारंही कुणी नव्हतं.

सुनंदा वर्ध्यातच राहते. दवाखान्यातून ती पाचच्या सुमारास घरी येते. तिचं घर मी बाहेरून पाहिलं आहे. दारात तुळस आहे, स्कूटी भिंतीला टेकवून ठेवलेली असते. माझ्या घरापासून ते पायी पंधरा मिनिटांवर आहे. हे लिहून झाल्यावर मी हा कागद तिच्याकडे नेणार नाही. मी स्वतःला इतकं तरी ओळखतो.